वरचा आकडा, खालचा आकडा

झटका येतो तेव्हा घरात बहुधा डॉक्टर नसतो. आठवा-नववा महिना लागलेल्या बाईचे डोळे एका बाजूला फिरतात, जबडा आवळला जातो, अंग ताठ होतं आणि हातपाय आपटू लागतात. मिनिट-दीड मिनिटात सगळं थांबतं. मग ती घोरल्यासारखा श्वास घेत बेशुद्ध पडून राहते. शुद्धीवर आल्यावर मधलं काही आठवत नाही. भोवतालची माणसं मात्र हादरलेली असतात. कुणी कांदा फोडून नाकाशी धरतं, कुणी चप्पल हुंगवतं, कुणी दातांत चमचा घालायला धावतं, आणि एखादी म्हातारी अंगारा शोधायला लागते. खरं तर तिला डाव्या कुशीवर वळवून, तोंडातली लाळ-उलटी बाहेर येऊ देऊन, गाडी बोलावणं एवढंच त्या वेळी घरच्यांच्या हातात असतं. वैद्यकात याचं नाव एक्लॅम्पसिया. प्रसूतिगृहात मात्र ‘बीपी वाढून झटके आले’ एवढंच म्हणतात, आणि त्या चार शब्दांत आजाराचा क्रमही येऊन जातो. आधी बीपी वाढतं. झटका नंतर येतो.

हा आजार दुर्मीळ आहे का, याचं उत्तर बाई कुठे राहते यावर ठरतं. १९९२ साली ब्रिटनमधल्या सगळ्या रुग्णालयांतून एक्लॅम्पसियाची मोजदाद झाली. दहा हजार बाळंतपणांमागे पाचच्या जवळपास बायकांना झटके आले होते आणि त्यांतली साधारण पन्नासांतली एक दगावली होती. २००५-०६ मध्ये पुन्हा मोजलं तेव्हा प्रमाण दहा हजारांमागे तीनच्याही खाली आलं होतं आणि मृत्यू एकही नव्हता. तिथल्या प्रसूती विभागांत आता झटक्याचा सराव पुतळ्यांवर करावा लागतो, कारण खरा रुग्ण वर्षानुवर्षं समोर येत नाही. आपल्याकडे मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या नोंदी पाहिल्या तर हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास जातं. अर्थात तिथे आसपासच्या तालुक्यांतून अडलेल्या बायका पाठवल्या जातात, त्यामुळे तो आकडा गावाचा नसतो, रुग्णालयाच्या दाराचा असतो. तरीही अंतर मोठं आहे. ब्रिटिश बायकांची शरीरं वेगळी आहेत म्हणून ते पडलेलं नाही. शंभर वर्षांपूर्वी हा आजार तिथेही बायका मारत होता.

कोल्हापूरला या इतिहासात एक रिकामी खुर्ची आहे. १८७८ मध्ये इथल्या पोस्टात नोकरीला असलेल्या गोपाळराव जोशींनी रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं. वाइल्डर कोल्हापुरात अनेक वर्षं काढून मायदेशी परतले होते. बायकोला, म्हणजे आनंदीबाईंना, शिकवायचं आहे, तिकडे काही सोय होईल का, असा पत्राचा आशय. वाइल्डरांनी ते आपल्या मासिकात छापलं आणि वर धर्मांतराचा सल्लाही दिला. १८८० मध्ये न्यू जर्सीतल्या थिओडिसिया कार्पेंटर या बाईंनी दंतवैद्याकडे ताटकळत असताना तो अंक वाचला, आणि आनंदीबाईंचा अमेरिकेचा रस्ता तिथून उघडला. ११ मार्च १८८६ रोजी त्या फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. त्यांचं स्वतःचं मूल, त्या चौदा वर्षांच्या असताना, जन्मानंतर दहा दिवसांत गेलं होतं. कोल्हापूर संस्थानाने त्यांना अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री-विभागाची जबाबदारी देऊ केली. त्या परतल्या त्या क्षय घेऊनच, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या. अल्बर्ट एडवर्ड म्हणजे आजचं सीपीआर, छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. पुढे शाहू महाराजांच्या काळात डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी याच रुग्णालयात स्त्रियांवर उपचार केले. त्यांच्या परदेशी शिक्षणामागे संस्थान उभं होतं.

आनंदीबाई रुजू झाल्या असत्या आणि पहिल्याच पावसाळ्यात एखादी झटक्यांची बाई डोलीतून आली असती, तर त्यांच्या हातात काय होतं? लघवीची एक परीक्षा होती. लंडनच्या गायज हॉस्पिटलमधल्या जॉन लेव्हर यांनी १८४३ मध्येच दाखवलं होतं की झटके येणाऱ्या गरोदर बायकांच्या लघवीत अल्ब्युमिन उतरतं. नळीत लघवी घेऊन दिव्यावर तापवली की ती दुधाळ होते. पण रक्तदाब मोजायचं साधन नव्हतं. दंडाला पट्टा आवळून पाऱ्याचा स्तंभ वाचायची युक्ती इटलीच्या रिवा-रोच्ची यांनी १८९६ मध्ये काढली, आणि खालचा आकडा ऐकायची रीत रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी १९०५ मध्ये सांगितली. फिलाडेल्फियाची पदवी घेऊन आलेल्या डॉक्टरलाही या आजाराचा मुख्य पुरावा दिसू शकत नव्हता. उपचार म्हणाल तर शीर कापून रक्त काढणं, क्लोरोफॉर्म आणि मॉर्फिन. थोड्याच वर्षांत रशियातल्या स्ट्रोगानोव्ह यांची पद्धत जगभर गेली: अंधारी खोली, आवाज नाही, हात लावणं नाही, गुंगीची औषधं. आपल्याकडच्या जुन्या सरकारी रुग्णालयांत एक्लॅम्पसियासाठी राखून ठेवलेली काळ्या पडद्यांची खोली ही त्याच पद्धतीची वारसदार. औषधं बदलल्यावरही ती खोली कित्येक वर्षं तशीच होती.

रोगाचं मूळ वारेत आहे. गर्भ रुजतो तेव्हा वारेच्या पेशी गर्भाशयाच्या भिंतीतल्या नागमोडी धमन्यांत शिरतात आणि त्यांना रुंद, सैल करतात, म्हणजे पुढे वाढणाऱ्या बाळाला भरपूर रक्त मिळावं. काही बायकांत हे काम अर्धवट राहतं. पाचव्या-सहाव्या महिन्यापर्यंत कुणाला कळतही नाही. मग गरज वाढते, पुरवठा तोकडा पडतो आणि अडचणीत आलेली वार आईच्या रक्तात काही प्रथिनं सोडू लागते. अनंत करुमांची या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अमेरिकेत त्यांतलं एक महत्त्वाचं प्रथिन पकडून दिलं. ही प्रथिनं आईच्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर घाव घालतात. रक्तवाहिन्या आवळतात म्हणून बीपी वाढतं. मूत्रपिंडाची चाळणी फाटते म्हणून लघवीत प्रथिनं जातात. यकृत सुजतं, रक्तातल्या प्लेटलेट घटतात, आणि मेंदूपर्यंत पोचलं की झटका. वार पोटात आहे तोवर आजार पूर्ण जात नाही. म्हणून आजही याचा खरा उपचार एकच, बाळंतपण. बाकी सगळं म्हणजे तिथपर्यंत आईला जिवंत आणि बाळाला पोटात जमेल तितकं टिकवून धरणं. बत्तिसाव्या आठवड्याच्या बाळासाठी आणखी किती दिवस थांबायचं, हा प्रसूतितज्ज्ञाच्या आयुष्यातला अत्यंत कठीण हिशेब असतो.

वीस आठवड्यांनंतर १४०/९० किंवा त्यावर गेलेला आणि काही तासांनी पुन्हा तसाच भरलेला दाब म्हणजे धोक्याची सुरुवात. १६०/११० म्हणजे आता लगेच. वरचा आकडा आणि खालचा आकडा, दोन्ही महत्त्वाचे. एक जरी ओलांडला तरी पुरे. सोबतीला लक्षणं असतात, पण ती फसवी. डोकं दुखतं, ते कुणाचंही दुखतं. पायावर सूज येते, ती निरोगी गरोदर बाईलाही येते. तोंड आणि हात सुजले, बांगड्या घट्ट झाल्या, अंगठी निघेना, तर ती निराळी गोष्ट. डोळ्यांपुढे काजवे चमकतात, धूसर दिसतं. आणि बेंबीच्या वर, बरगड्यांखाली दुखतं, सोबत उलटी. कोल्हापुरात या शेवटच्या लक्षणाचं निदान घरातच होतं: पित्त झालंय. तांबडा-पांढरा चापणाऱ्या गावात ते खरंही वाटतं. गोळी आणली जाते, थंड दूध दिलं जातं. आठव्या महिन्यातलं ते ‘पित्त’ सुजलेल्या यकृताचं असू शकतं, हे समजायला मेडिकल स्टोअरच्या नव्हे, बीपीच्या मशीनपाशी जावं लागतं.

कुणाला होतो हा आजार? कुणालाही. पण पहिलटकरणीला जास्त. जुळं असेल, वय फार कोवळं किंवा पस्तिशीपलीकडचं असेल, आधीच बीपी, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार असेल, आई-बहिणीला झाला असेल, तर धोका आणखी वाढतो. पहिलटकरीण या शब्दापाशी मी थोडा थांबतो. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात ओटी भरली, डोहाळजेवण झालं, फुलांची वाडी भरून फोटो निघाले की मुलगी माहेरी जाते. या चालीत माया आहे, विश्रांती आहे, सासुरवासातून सुटका आहे. तिला नावं ठेवायचं कारण नाही. पण आजाराचं वेळापत्रक समोर ठेवा. सर्वांत जास्त धोका पहिल्या खेपेला, आणि तोही शेवटच्या तीन महिन्यांत. नेमक्या त्याच बाईचं, नेमक्या त्याच वेळी, गाव बदलतं, आशाताई बदलते, डॉक्टर बदलतो. इचलकरंजीत सहा महिने ज्या डॉक्टरांनी तिला तपासलं त्यांच्याकडची वही इचलकरंजीत राहते. आजऱ्यातल्या नव्या डॉक्टरांसमोर ती येते ती एका आकड्यानिशी: १३४/८६. एकट्याने पाहिला तर हा आकडा निरुपद्रवी आहे. पण चौथ्या महिन्यात तिचं बीपी १००/६० होतं हे माहीत असेल, तर त्याच आकड्याकडे डॉक्टर दुसऱ्या नजरेने बघतील, चार दिवसांनी परत बोलावतील, लघवी तपासतील.

माता-बाल संरक्षण कार्ड याचसाठी आहे. त्यावर प्रत्येक भेटीचं बीपी, वजन, लघवी, हिमोग्लोबिन लिहायला रकाने आहेत. अडचण अशी की मध्यमवर्गीय बाई खासगीत दाखवते, तिथे फाइल निराळी. सोनोग्राफी तिसरीकडे, तिचा कागद निराळा. आणि सरकारी कार्ड लस आणि योजनेच्या पैशांपुरतं उघडतं. बीपीचा रकाना कोरा असतो किंवा त्यात दर महिन्याला १२०/८० असा एकच शोभिवंत आकडा असतो. सलग पाच महिने अगदी १२०/८० भरणारी बाई मला संशयास्पद वाटते; मशीन काढलंच नसावं अशी शंका येते.

हे काम किती रटाळ आहे आणि त्याने किती फरक पडला, ते ब्रिटनकडे बघून कळतं. १९२९ मध्ये तिथल्या आरोग्य खात्याने गरोदर बाईने कधी-कधी यायचं याचं वेळापत्रक काढलं: आधी महिन्याने, मग पंधरवड्याने, छत्तीस आठवड्यांनंतर दर आठवड्याला. जगभरच्या प्रसूतिगृहांत आजही तोच साचा दिसतो. शेवटी-शेवटी भेटी दाट करण्याचं एक मोठं कारण हाच आजार. अर्थात ही तटबंदी अभेद्य नाही. १९९२ च्या मोजणीत ३८ टक्के बायकांना झटका आला तेव्हा त्याआधी बीपी आणि लघवीतली प्रथिनं दोन्ही वाढल्याची नोंदच नव्हती, आणि ८५ टक्क्यांना शेवटच्या तपासणीनंतर आठवड्याच्या आत तो आला होता. म्हणजे चांगली व्यवस्था असूनही काही झटके सूचना न देताच येतात. तिथे पुढचं शस्त्र लागतं, आणि ते एक मीठ आहे.

मॅग्नेशियम सल्फेट कोल्हापूरच्या शेतकऱ्याला पोत्यातून माहीत आहे. उसाचं, द्राक्षाचं जुनं पान शिरा हिरव्या ठेवून मधे पिवळं पडू लागलं की कृषी सेवा केंद्रवाला ते देतो. त्याच क्षाराचं निर्जंतुक इंजेक्शन एक्लॅम्पसियावरचं जगातलं सर्वांत खात्रीचं औषध आहे. १९०६ मध्ये जर्मनीत, १९२५ च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये ते वापरलं गेलं. डॅलसच्या पार्कलंड रुग्णालयात जॅक प्रिचर्ड यांनी १९५५ पासून त्याचं ठरीव मापाचं वेळापत्रक बसवलं, आणि १९८४ मध्ये सलग २४५ रुग्णांत एकच मृत्यू झाल्याचं प्रसिद्ध केलं. तरी जगाला ते पटत नव्हतं. युरोपातले डॉक्टर डायझेपाम आणि फेनिटॉइनवर होते. भारतात मद्रासच्या डॉ. कृष्ण मेनन यांनी १९६१ मध्ये मांडलेलं तीन गुंगीच्या औषधांचं मिश्रण कित्येक वर्षं चाललं, आणि त्या काळाच्या मानाने त्याने पुष्कळ बायका वाचवल्या. मग १९९५ मध्ये नऊ देशांतल्या १,६८७ बायकांवरच्या चाचणीचा निकाल ‘लॅन्सेट’मध्ये आला. भारतही त्या चाचणीत होता. मॅग्नेशियम दिलेल्या बायकांत पुन्हा झटका येण्याचं प्रमाण डायझेपामपेक्षा ५२ टक्क्यांनी आणि फेनिटॉइनपेक्षा ६७ टक्क्यांनी कमी होतं. वाद तिथे संपला. २००२ मध्ये ३३ देशांतल्या दहा हजारांहून अधिक बायकांवर सिद्ध झालं की झटका येण्याआधीच, बीपी वाढून लघवीत प्रथिनं उतरू लागलेली असताना (या टप्प्याला प्री-एक्लॅम्पसिया म्हणतात) दिलं तरी झटक्याचा धोका निम्म्याहून खाली येतो. औषध स्वस्त, पेटंट नाही, आणि म्हणूनच बहुधा त्याच्या मागे कुठल्या कंपनीचा माणूस बॅग घेऊन फिरत नाही.

या गोष्टीत सोलापूरही आहे. प्रिचर्ड यांचं माप टेक्सासच्या बायकांवर बसलेलं. आपल्याकडे सरकारी वॉर्डात येणारी पहिलटकरीण पुष्कळदा पंचेचाळीस किलोची, रक्त कमी, लघवी आधीच घटलेली. मॅग्नेशियम मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. लघवी होत नसेल तर ते रक्तात साचतं: आधी गुडघ्याखाली हातोडी मारल्यावर पाय उडायचा थांबतो, मग श्वास मंदावतो. म्हणून प्रत्येक डोसाआधी नर्सने तीन गोष्टी बघायच्या. गुडघा उडतो का, मिनिटाला श्वास सोळाच्या खाली तर नाहीत ना, पिशवीत लघवी पुरेशी आली का. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट उशाशी. रात्री एका नर्सकडे तीस खाटा असतील तर हे बघणं किती होतं, ते ज्याने त्याने ताडावं. या भीतीमुळे लहान ठिकाणचे डॉक्टर हे औषध द्यायलाच कचरत. सोलापूरच्या डॉ. सुमन सरदेसाई आणि सहकाऱ्यांनी भारतीय बाईच्या अंगमानाला बेतलेलं कमी मात्रेचं वेळापत्रक वापरलं आणि २००३ मध्ये प्रसूतितज्ज्ञांच्या भारतीय नियतकालिकात मांडलं. झटके तेवढ्यातही आवरतात, असा त्यांचा अनुभव. जागतिक आरोग्य संघटना आजही पूर्ण मात्राच सांगते, कारण कमी मात्रेचा पुरावा तिला अपुरा वाटतो. तो वाद तज्ज्ञांनी मिटवावा. मला सोलापूरचं काम मोलाचं वाटतं ते दुसऱ्याच कारणाने: पुस्तकातलं माप आपल्या समोरच्या बाईला बसतं का, हा प्रश्न जिल्ह्याच्या गावातून विचारला गेला.

पहिली मात्रा देण्यासाठी तर डॉक्टरही लागत नाही. दोन्ही कुल्ल्यांत खोलवर पाच-पाच ग्रॅमची इंजेक्शनं देऊन बाईला पुढे पाठवायचं, हे उपकेंद्राच्या एएनएमच्या सरकारी प्रशिक्षणातच आहे. पण ज्या सिस्टरने नोकरीत दोनदाच झटका पाहिला असेल, तिचा हात तिसऱ्या वेळी धजेल का? दुर्मीळपणा असा उलटतो. आजार कमी झाला की सवय जाते, कपाटातल्या अँप्युलची मुदत संपते, आणि पुढची बाई आली की सगळे एकमेकांकडे बघतात. म्हणून ब्रिटनमधल्या त्या पुतळ्यांवरच्या सरावाची मला चेष्टा करवत नाही.

कोल्हापूरपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर बेळगावात या सगळ्याची मोठी परीक्षा झाली. तिथल्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या पुढाकाराने बेळगाव आणि बागलकोट जिल्ह्यांत २०१४ ते २०१६ दरम्यान आशाताईंच्या हातात मोबाइल आणि बीपीचं खास मशीन देण्यात आलं. त्याच वेळी पाकिस्तान आणि मोझांबिकमध्येही हेच चाललं होतं. मशीन लंडनच्या संशोधकांनी गरोदर बायकांसाठी पारखलेलं. आकडा वाचता आला नाही तरी हिरवा, पिवळा, लाल दिवा लागतो. आशाताईने घरी जायचं, डोकं दुखतं का, डोळ्यांपुढे अंधारी येते का हे विचारायचं, बीपी मोजायचं. मोबाइल धोका किती ते सांगणार. लाल असेल तर बीपीची गोळी, मॅग्नेशियमचं इंजेक्शन आणि तातडीने रुग्णालय. कागदावर यात खोट काढायला जागा नाही.

निकाल २०२० मध्ये आला. आई आणि बाळाचे मृत्यू आणि गंभीर आजार मिळून धरले तर फरक पडला नव्हता. भारतातही नाही, तिन्ही देश एकत्र धरूनही नाही. ज्या बायकांना आठ किंवा अधिक भेटी मिळाल्या त्यांच्यात मृतजन्म कमी दिसले. पण इतक्या भेटी बहुतेकींना मिळाल्याच नाहीत. या निकालावर आपल्याकडे फारसं बोललं गेलं नाही, कारण अपयशाचं उद्घाटन होत नसतं. पण मला तो या विषयातला फार शहाणा कागद वाटतो. दिवा लाल होणं ही अर्धी गोष्ट. पुढे गाडी, गाडीत तेल, रुग्णालयात रात्री भूलतज्ज्ञ, रक्तपेढीत रक्त, बाळासाठी अतिदक्षता विभाग, आणि घरात ‘आत्ता निघू’ म्हणायचा अधिकार असलेलं माणूस. यांतला एक दुवा निखळला तर मशीनने वेळेवर दिलेला इशारा वाया जातो.

कोल्हापूर जिल्ह्यात बारा तालुके, आणि त्यांत दोन वेगळी जगं. हातकणंगले, शिरोळ, करवीर सपाट, रस्त्यांनी बांधलेले. तिथून शहरात अर्ध्या-पाऊण तासात येता येतं. शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड मात्र डोंगरातले. चंदगडच्या माणसाला कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ, पण मधे राज्याची हद्द. सिंधुदुर्गातल्या अडलेल्या बायकाही घाट चढून सीपीआरला येतात. २०१४ पासून १०८ ची गाडी धावते, तिने बरंच बदललं. तरी ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात शिरोलीपाशी पुणे-बेंगळुरू महामार्गच पाण्याखाली गेला, तेव्हा सपाट तालुक्यांतल्या बाईलाही कोल्हापूर दूर झालं. मुंबईच्या एका अभ्यासात, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पावसाळ्यात एक्लॅम्पसियाचं प्रमाण वाढल्याचं आढळलं होतं. रस्ते वाहून जाण्याचे आणि झटक्यांचे महिने एकच असावेत, हा योग चांगला नाही.

दिवाळी झाली की आणखी एक लोकवस्ती जिल्ह्यात येते. बीडकडच्या ऊसतोड टोळ्या. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फेडेपर्यंत सुट्टी नाही. गळीत हंगाम चार-पाच महिन्यांचा. त्यात कुणी चौथ्या महिन्यात येते आणि आठव्यात मोळ्या वाहत असते. तिचं नाव बीडच्या उपकेंद्राच्या रजिस्टरात, कार्ड पत्र्याच्या पेटीत नाहीतर गावी सासूकडे, आणि खोप कारखान्याच्या माळावर. तोड संपली की टोळी पुढच्या फडात. इथल्या आशाताईच्या यादीत ती असतेच असं नाही. तिच्या बीपीचे आकडे सलग तर राहोच, सुटेही सापडत नाहीत. महाराष्ट्राचं मातामृत्यूचं प्रमाण २०१८-२० च्या नमुना नोंदणीत लाख जिवंत जन्मांमागे ३३ होतं, देशाचं ९७. राज्याने अभिमान धरावा असाच हा आकडा आहे. पण अशा सरासरीत ही बाई दिसत नाही.

बाळंतपण झालं की सुटलो, हाही गैरसमज. वार गेली तरी तिचं विष उतरायला दिवस लागतात. २००५-०६ च्या ब्रिटिश मोजणीत तिसऱ्या हिश्शाहून जास्त झटके बाळंतपणानंतर आले होते. पहिले दोन दिवस सर्वांत जोखमीचे, पण धोका आठवडाभर आणि क्वचित त्यानंतरही राहतो. आपल्याकडे नॉर्मल बाळंतपण झालेली बाई दोन-तीन दिवसांत घरी येते. मग शेक, धुरी, डिंकाचे लाडू, कानाला फडकं. डोकं दुखतंय म्हणाली तर ‘वारा लागला’, जागरण झालं. पाचवीच्या पूजेच्या धांदलीत बाळंतिणीचं बीपी मोजायला कुणी सांगत नाही. सगळ्या घराचं लक्ष बाळाच्या वजनाकडे असतं.

पैसा आणि प्रकृती दोन्ही असली तरी हा आजार टळतोच असं नाही. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या ज्या चौघींनी चार गुणिले शंभर मीटर रिलेचं सुवर्ण जिंकलं, त्यांतल्या ॲलिसन फेलिक्सला २०१८ मध्ये गंभीर प्री-एक्लॅम्पसिया झाला आणि बत्तिसाव्या आठवड्यात तातडीचं सीझर करावं लागलं. त्याच चौघींतली टोरी बोवी २०२३ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, आठ महिन्यांची गरोदर असताना घरात एकटीच मृतावस्थेत सापडली; शवविच्छेदनात संभाव्य कारणांत एक्लॅम्पसिया होता. तालमीतल्या शरीरावर विश्वास ठेवणाऱ्या आपल्या कोल्हापुरात हे सांगण्याजोगं आहे.

टाळता येईल का? थोडंफार. जिला धोका जास्त तिला तिसऱ्या महिन्याच्या अखेरीपासून डॉक्टरांच्या सल्ल्याने ॲस्पिरिनची कमी ताकदीची गोळी, हृदयविकाराच्या म्हाताऱ्यांना देतात तीच. २०१७ च्या युरोपीय चाचणीत, जास्त धोक्याच्या १,७७६ बायकांत, दिवस भरण्याआधी उद्भवणारा प्री-एक्लॅम्पसिया या गोळीने ६२ टक्क्यांनी घटला. बेळगाव आणि नागपूरचा सहभाग असलेल्या दुसऱ्या मोठ्या चाचणीत जवळपास बारा हजार पहिलटकरणींत दिवस अपुरे असताना होणारी बाळंतपणं ११ टक्क्यांनी कमी झाली. आहारात कॅल्शियम कमी असेल तिथे त्याच्या गोळ्या; २०२४ मध्ये बेंगळुरू आणि टांझानियातल्या बावीस हजार बायकांच्या अभ्यासातून कळलं की दिवसाला पाचशे मिलिग्रॅम हे दीड हजाराच्या तोडीचं काम करतं, म्हणजे तीन गोळ्यांऐवजी एक. आणि दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, २०१६ पासून.

प्री-एक्लॅम्पसिया एकदा होऊन गेलेल्या बाईला पुढच्या खेपेला तो पुन्हा होण्याची शक्यता साधारण सहांत एक. शिवाय पुढच्या आयुष्यात हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका इतर बायकांच्या दुप्पट, कायमचं बीपी जडण्याचा त्याहून जास्त. पन्नाशीत छातीत कळ आली म्हणून दवाखान्यात गेलेल्या बाईला पंचवीस वर्षांपूर्वीच्या बाळंतपणाबद्दल आपल्याकडे कुणी विचारत नाही, आणि तिलाही ते सांगावंसं वाटत नाही. दोन्हींचा संबंध असेल हे तिला कधी कुणी सांगितलेलं नसतं. डिस्चार्ज कार्डावर ‘सीझर, मुलगा, २.१ किलो’ असतं. खाली बीपी किती चढलं होतं, झटके किती आले, मॅग्नेशियम दिलं का, ते लिहिलेलं असलं तर दुसऱ्या खेपेला बाराव्या आठवड्यात ॲस्पिरिन सुरू करता येतं. त्यासाठी तो कागद लागतो. दुसरं बाळंतपण सासरी, आणि पहिल्याचा कागद अजून माहेरच्या कपाटात, लॉकेट-बांगड्यांच्या पावत्यांखाली.